वरच्या वडूजचा पोस्टमन

“उलटा करा! आत्ताच्या आत्ता उलटा करा तो बिल्ला! माणूस गेलाय बाई, माणूस! आता कसली परीक्षा राहिलीय त्याची?”

मी ओरडत होतो, हणमंता. विश्रामबागेत, सायकलच्या दुकानावरच्या त्या खोलीत, आपल्या स्पॅनिशच्या वर्गात, भर दुपारी. माझा आवाज तुला ठाऊक आहे. हळदीच्या सौद्यात मी पुकारा सुरू केला की मिरजेच्या स्टेशनात उभी असलेली गाडी सिग्नल न बघता सुटायची, हे मी जन्मभर सांगत आलोय. त्यात खोटं असलंच तर एवढंच, की ती मालगाडी होती. त्याच आवाजात मी ओरडत होतो. खाली सायकलवाल्यानं हातातला पाना ठेवून दिला. पंक्चर काढायला आलेलं गिऱ्हाईक तशीच सायकल ढकलत निघून गेलं. स्वरूपा मॅडम मात्र जागची हलली नाही. एवढीशी पोरगी, तुझ्या वैशालीपेक्षा लहान. डोळे सुजलेले. रडून झालं होतं तिचं, पण मान ताठ.

“उस्मानचाचा, ऐकणारा ‘कळलं’ म्हटल्याशिवाय बिल्ला उलटत नाही.”

“त्ये जित्या माणसांसाठी!”

“सुभेदारकाकांना फुकटचा हिरवा बिल्ला चालला असता?”

तुला फुकटचा चहासुद्धा चालायचा नाही. मी चपला घातल्या, जिना उतरलो, आणि तेव्हापासून तुझ्याशीच भांडतोय. तुझ्याशी भांडायला तू जवळ असावा लागतोस असं थोडंच आहे? होतास तेव्हा तरी कुठं बोलायचास?

डोळ्यांसमोरून ती फळी हलत नाही. दाराजवळची. प्रत्येकाच्या नावाची एक रांग, रांगेत खिळे, खिळ्यांना पत्र्याचे बिल्ले. एक बाजू लाल, त्यावर लिहिलेलं ‘तोदाविया नो’, म्हणजे अजून नाही. दुसरी बाजू हिरवी, त्यावर ‘जमतं’. मार्क नाहीत, टक्के नाहीत, पहिला नंबर नाही, नापासही नाही. नाव-गाव सांगता आलं, उलटला एक. बाजार करता आला, उलटला दुसरा. रस्ता विचारता आला, दुखणं सांगता आलं, फोनवरचा निरोप घेता आला. आणि आलं की नाही हे मॅडम ठरवणार नाही, समोर बसवलेला ऐकणारा ठरवणार. त्याला कळलं तर आलं. नाही कळलं तर पुन्हा या, उद्या या, दिवाळीनंतर या, दार उघडंच आहे.

तुझी सगळी रांग हिरवी झाली होती, चांगला पाऊस झालेल्या वर्षी खटावचं माळरान होतं तशी. टोकाला एकच लाल राहिला होता. ‘आपल्यावर बेतलेली गोष्ट सांगता येते.’ मी ओरडत होतो तेव्हा तो पंख्याच्या वाऱ्यानं हलत होता, आणि मला वाटलं, तूच मान हलवतोयस. न्हाई म्हणून.

तो बिल्ला तुला कशासाठी हवा होता, हे कॉलनीत माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. आणि मला माहीत आहे म्हणजे आता सगळ्यांनाच माहीत आहे, हे तू समजून घेशील.

तुझी वैशाली तिकडे स्पेनात, जावई तिकडचाच, आणि नात अल्बा. अल्बाचं मराठी म्हणजे ‘आजोबा’ आणि ‘नको’. तुझं स्पॅनिश म्हणजे हसणं. असं तुमचं दर रविवारी फोनच्या काचेतून चालायचं. एका रविवारी मी शेजारी बसलो होतो. तू फोन डाव्या हातात धरला होतास आणि पोरीला दिसली तुझी करंगळी. म्हणजे अर्धीच दिसली, कारण वरचं पेर नाहीच. तिनं काहीतरी विचारलं. वैशाली मध्ये तोंड घालून म्हणाली, “आबा, ती विचारतेय—”

“कळलं मला काय इचारतीया ती. तू मधी पडू नगंस.”

“अहो, मी सांगते ना तिला, तुम्ही मला सांगा.”

“न्हाई. माझं बोट हाय. मीच सांगणार.”

“तुम्हाला स्पॅनिश येतंय का आबा?”

“अजून न्हाई.”

बघ, वर्गात पाऊल टाकायच्या आधीच तू फळीवरचा शब्द वापरला होतास. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभा. पायात पॉलिश केलेले बूट. “उस्मान्या, चल.” “कुटं?” “शाळंत.” आष्ट्याच्या शाळेतून मी ज्या खिडकीतून पळून गेलो ती खिडकी अजून माझ्या मापाची वाकलेली आहे, तरी मी आलो. कारण तुझ्या बोटाची गोष्ट ऐकायची मला तुझ्या नातीपेक्षा जास्त घाई होती.

आता त्या बोटाचं. कॉलनीत तुझ्या बोटाची व्यवस्था मीच बघत होतो. बर्फातल्या चौकीवर बिबट्यानं झडप घातली आणि तू त्याला बोट देऊन बाकीची पलटण वाचवलीस, ही लहान मुलांसाठी. शत्रूची गोळी नेमकी पेरातून गेली आणि पलीकडच्या डेगचीला भोक पडलं, ही वॉकिंग ग्रुपसाठी. बायकांसाठी एक वेगळी होती, तीत एक काश्मिरी म्हातारी होती, ती मी इथं लिहीत नाही. तू प्रत्येक वेळी शेजारी उभा असायचास, हात पाठीमागे. लोक तुझ्याकडे बघायचे. तू ना हो म्हणायचास ना नाही. घरी जाताना एकदाच म्हणालास, “बिबट्या बरा हुता.” म्हणजे गोष्ट बरी होती की बिबट्या, ते विचारायचं राहिलं.

दुपारची नमाज झाली की मी जरा आडवा होतो. डोळा लागला की थेट आपल्या गावात. तुझ्या वडूजात नाही आणि माझ्या आष्ट्यातही नाही. वरच्या वडूजात.

आठवतं? पहिल्याच आठवड्यात मॅडम म्हणाली, पुस्तकातलं गाव नको, आपलं वसवू. खोलीच्या एका कोपऱ्यात पाववाली बसली, एकात औषधवाला, खिडकीशी बाजार, आणि मधोमध माठ ठेवला, तो चौकातला कारंजा. गावाला नाव काय द्यायचं यावर सगळा वर्ग डोकं खाजवत बसला. तू म्हणालास, “वडूज.”

“काका, वडूज आहे की साताऱ्यात.”

“मंग ह्ये वरचं.”

तिकडे डोंगरातल्या गावांना तसंच म्हणतात म्हणे. झालं, ‘वडूज दे अर्रिबा’. वरचं वडूज. मी लगेच बिनविरोध सरपंच झालो. तुला मॅडमनं विचारलं, काका तुम्ही कोण होणार? तू म्हणालास, पोस्टमन. दुसऱ्या दिवशी खाकी पिशवी अडकवून आलास, पिशवीत रिकामी पाकिटं, आणि प्रत्येकाला स्पॅनिशमध्ये नाव आणि घर विचारून एकेक पाकीट हातात ठेवलंस. सरपंचालासुद्धा. “तुम्ही कोण?” असं विचारलंस मला. मला! मी म्हटलं, मी इथला राजा. तू पाकीट पिशवीत परत ठेवलंस आणि पुढे गेलास. राजा नावाचा माणूस त्या पत्त्यावर राहत नव्हता.

स्वप्नातल्या गावात हळदीचा वास येतो, कारण स्वप्न माझं आहे. पांढऱ्या भिंती, उतरती गल्ली, गल्लीच्या खाली थेट कृष्णा, आणि पलीकडे तुझ्याकडचे ते उघडे डोंगर, निळे. ऊन असतं पण लागत नाही. कारंजाच्या जागी माठच आहे, पण त्यातून पाणी उडतं आणि कुणालाही त्याचं नवल वाटत नाही. पाववाली झोपलेली. औषधवाल्याच्या दुकानावर पडदा. तू लांबून येतोस, पिशवी अडकवून, फौजी चालीनं, एका दारी थांबतोस, दुसऱ्या दारी थांबतोस. मी चौकात उभा राहून तुला हाक मारतो आणि आवाज फुटत नाही. माझा, हणमंता! तोंड उघडतो आणि आतून वारासुद्धा येत नाही. तू माझ्या दारापर्यंत येतोस, पाकिटावरचा पत्ता वाचतोस, माझ्याकडे बघतोस. जाग येते तेव्हा खाली कुल्फीवाल्याची घंटा वाजत असते आणि उशी ओली. घामानं. एप्रिल आहे.

बाजाराचा बिल्ला आठव. मॅडम खिडकीशी भाजीवाली होऊन बसलेली, आणि बहिरी, मुद्दाम. तू गेलास. दोन किलो टोमॅटो म्हणालास. ती “काय?” म्हणाली. तू दोन बोटं दाखवलीस, टोमॅटोवर हात ठेवलास, पुन्हा तेच म्हणालास, आभार मानलेस आणि निघालास. ऐकणारा होता औषधवाला. तो म्हणाला, कळलं. उलटला. चहा उकळायला लागतो त्याहून कमी वेळ. मग मी गेलो. मी तिची खुशाली विचारली, टोमॅटोंची विचारली, त्यांच्या आईबापांची विचारली, भाव पाडला, तिचेच टोमॅटो पाववालीला विकले, वर एक गाढव खरेदी केलं. वर्ग लोळत होता. ऐकणाऱ्याच्या खुर्चीत तू. मॅडमनं विचारलं, काका, ह्यांना काय पाहिजे होतं?

तू म्हणालास, “गिऱ्हाईक.”

आणि माझा बिल्ला लालचा लाल!

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं, ते अजून मिटलेलं नाही. चहाच्या गाड्यावर मी पेटलो. शंभरपैकी किती, हे सांगायला काय जातं? आमचं आयुष्य आकड्यावर गेलं. हळद आकड्यावर, ऊस आकड्यावर, लग्नाचं वय आकड्यावर. आणि ही पोरगी म्हणते, जमतं किंवा अजून नाही. एकही वर्ग चुकवला नाही मी. त्याचं काही नाही! गाढव विकत घेतलं, ह्या जिल्ह्यात कुणी स्पॅनिशमध्ये गाढव घेतलंय? त्याचे निदान दहा तरी द्या!

तू बशी तोंडाला लावलेली. “तुला पवाया येतंय का?”

“आरं, आष्ट्याच्या हिरीत मी पाण्याखाली—”

“येतंय का न्हाई?”

“येतंय.”

“किती टक्के?”

तू बशी खाली ठेवलीस. “साठ टक्के येतंय म्हून कृष्णंत उडी टाकशील?”

“टाकीन! उरल्यालं चाळीस टक्के बुडंन!”

तू हसलास. चहा नाकातून आला तुझ्या, आणि ते मी कॉलनीत सांगताना चहाऐवजी रस्सा म्हणालो, कारण रश्श्यानं गोष्ट जास्त तिखट होते. तू म्हणायचास, रेंजवर गोळी लागते किंवा लागत नाही. नाही लागली तर कुणी शिव्या देत नाही, पुन्हा झोपायचं, पुन्हा नेम धरायचा. म्हणून तुला मॅडमची पद्धत आपली वाटली. तीस वर्षांच्या नोकरीत जी गोष्ट तुला एका शब्दात पटली ती मला वर्षभर पटेना.

माझं उत्तर मला परवा सुचलं. तुझ्या वडूजहून, तुझं तेरावं झाल्यावर परत येताना, गाडीत. निम्मी नदी पोहलेल्या माणसाला काठावरच्यांनी नुसतं ‘अजून नाही’ म्हणायचं का रं? निम्म्या नदीचं काहीच नाही? तिथंच वळून सांगायला गेलो तर शेजारच्या सीटवर माझीच पिशवी. आणि तू काय म्हणाला असतास तेही मला ऐकू आलं. नदी निम्मी नसती. हे भांडण असंच राहू दे. मिटलं तर मी तुझ्याशी बोलू काय?

गोष्ट सांगायच्या बिल्ल्यासाठी तू किती वेळा उभा राहिलास! मधल्या काळात माझा बाजार उलटला, रस्ता उलटला, तापही उलटला. माझी गोष्ट तर पहिल्याच झटक्यात. बिबट्याच सांगितला मी, फक्त बोट माझं केलं. ऐकणाऱ्या पाववालीनं पदरानं डोळे पुसले. तू मात्र कारंजाशेजारी उभा राहायचास, हात पाठीमागे, आणि एकेक शब्द चौकीवरच्या जवानासारखा उभा करायचास.

“इयो एस्ताबा एन कासा.” मी घरी होतो.

“आबिया उना माकिना.” तिथं एक यंत्र होतं.

आणि थांबायचास. दरवेळी तिथंच. मॅडम वाट बघायची. पंखा फिरायचा. ऐकणाऱ्याच्या खुर्चीत बहुधा मीच, आणि मला कुठला दम निघतोय.

“मशीनगन!” मी ओरडायचो.

“घरी?” मॅडम विचारायची.

“अवं, फौजी मानूस बराकीलाच घर म्हणतो!”

सगळे हसायचे, तू सगळ्यात जास्त. मग मॅडम विचारायची, “उस्मानचाचा, कळलं?” आणि मला इमानानं मान हलवावी लागायची. “तोदाविया नो,” ती म्हणायची. तू फळीपाशी जायचास, पंख्यानं वाकडा झालेला तो लाल बिल्ला बोटानं सरळ करायचास आणि जागेवर येऊन बसायचास. मला वाटायचं, तुझे शब्द तिथं संपतात. आता कळतंय, शब्द तुझ्या खिशात होते. तू ते ह्या खोलीत खर्च करणार नव्हतास.

माझ्याही रांगेत टोकाला एक लाल राहिला होता, तो तुला चांगलाच माहीत. ‘दुसऱ्याचं ऐकून घेता येतं.’ त्याचा नियम उलटा. त्यात सांगणाऱ्यानं म्हणायचं, की ह्यानं माझं ऐकलं. तुझा एक, माझा एक. जिना उतरताना तू म्हणायचास, “तुझा आन् माझा बिल्ला बदलू या का?”

वैशाली आणि अल्बा तेराव्याच्या आदल्या दिवशी पोचल्या. मी वडूजलाच होतो. आमच्या घरातून निघताना पोरानं विचारलं, अब्बा, तिथं तुम्ही काय करणार? मी म्हटलं, सरपंच आहे मी, गावचा पोस्टमन गेलाय. गाडीतून वैशाली उतरली ती थेट गोठ्याकडे गेली. घरात नाही, तुझ्या फोटोकडे नाही, गोठ्याकडे. तिथल्या कोपऱ्यात तुमची ती जुनी कडबाकुट्टी आहे, गंजलेली, चाकावर कोंबड्या बसतात. तिच्यापुढं उभी राहिली आणि पदर तोंडात धरला. मला काही कळेना. अल्बा माझ्याजवळ आली. फोनवर दिसायची त्यापेक्षा उंच आहे रे पोर. तुझीच भुवई.

मी म्हटलं, हिला आजोबाच्या बोटाची गोष्ट कुणीतरी सांगायला पाहिजे. तू तर राहिलास. मग मी खाली बसलो, घसा साफ केला आणि आपल्या गावच्या स्पॅनिशमध्ये सुरुवात केली. तुझे आजोबा बर्फात होते. मोठा बर्फ. हत्तीएवढा बर्फ. तेवढ्यात आला एक बिबट्या.

“नाही,” ती म्हणाली.

“काय नाही?”

“बिबट्या नाही. आजोबांनी मला सांगितलंय.”

हणमंता, मी वडूजच्या मातीत जिथं बसलो होतो तिथं आणखी वीतभर खाली गेलो.

“कवा?” मी चक्क मराठीत विचारलं. मग स्पॅनिशमध्ये.

फोनवर, म्हणाली. शेवटच्या रविवारी. आई बाजारात गेली होती तेव्हा. आणि ती सांगायला लागली, सावकाश, कारण तूच तिला तसं सावकाश सांगितलं होतंस. तुझे शब्द होते ते. मला ओळखू आले, दाराशी बूट ओळखू येतात तसे.

मी घरी होतो. तिथं एक यंत्र होतं.

“गन!” मी म्हटलं.

“गुरांच्या चाऱ्याचं,” ती म्हणाली. सुट्टीवर आलो होतो. चारा घालायचा, चाक फिरवायचं. तुझी आई एवढीशी होती. उभी राहायची, पडायची. उभी राहायची, पडायची.

“आणि मग तिच्यावर काही चालून आलं? साप? बैल?”

“नाही.” ती माझ्याकडे बघत होती, तू बघायचास तशी. तुझी आई उभी राहिली आणि चालली. पहिल्यांदा. माझ्याकडे आली. मी तिला बघितलं, यंत्राला बघितलं नाही.

एवढंच.

“रक्त किती आलं? हांडाभर?”

“ते सांगितलं नाही. ती पडली नाही, असं सांगितलं. माझ्यापर्यंत आली, असं सांगितलं.”

आणि आईला का नाही सांगितलं, तेही तू तिला सांगितलंस. तिला कळलं असतं तर ती पाऊल टाकताना माझ्या हाताकडे बघत बसली असती. मला तिला लांब जाऊ द्यायचं होतं.

तेव्हा मला समजलं, गड्या, तुला मध्ये दुभाषा का नको होता. दुभाषा वैशालीच होती. साऱ्या जगातली एकच भाषा तुला शिकायची होती, जिच्यातून ती गोष्ट लेकीला वळसा घालून नातीपर्यंत जाईल. साठी ओलांडल्यावर, त्या गुडघ्यांनी, तो जिना चढून. आणि मी बिबट्या वाटत फिरत होतो. तू मला एकदाही अडवलं नाहीस, कारण माझा बिबट्या तुझ्या लेकीच्या दारावर राखणीला बसला होता. बिबट्या बरा होता, हे तू म्हणालास ते आता कळलं. बोलायला हवं होतंस. नको, बोलायला नकोच होतंस.

पोरगी मात्र तुझी नात असली तरी माझ्या वळणाची. आईला सांगू नको असं तू म्हणाला नव्हतास. शब्द नव्हता की विसरलास, देव जाणे. पुण्याच्या विमानतळावरून गाडी सुटताच तिनं सांगून टाकलं. वैशाली तिथून जी रडायला लागली ती खंबाटकीच्या घाटातसुद्धा थांबली नाही, आणि त्या घाटात तर ट्रकसुद्धा थांबतो. ह्यात मी काही वाढवलेलं नाही, ड्रायव्हरला विचार. गोठ्यातून बाहेर आल्यावर माझ्याजवळ येऊन ती म्हणाली, “चाचा, मी चालले तेव्हा आबा हसले होते का हो?” मी तिथं नव्हतो. आयुष्यात पहिल्यांदा मी म्हटलं, मला माहीत नाही.

पण एक हिशोब लागत नाही. रविवारी तू तिला सगळं सांगितलंस. मंगळवारी वर्गाला आलास. पाकिटं वाटलीस. तो लाल बिल्ला बोटानं सरळ केलास आणि जागेवर बसलास. गप्प! मी असतो तर बँड लावून आलो असतो, विश्रामबागेच्या चौकात हत्तीवरून साखर वाटली असती. मी तुला विचारलंसुद्धा, आज काय लय खूश? तू म्हणालास, “चहा घेऊ चल.” ऐकणारी स्पेनात होती, ती येऊन ‘कळलं’ म्हणेपर्यंत बिल्ला हलणार नव्हता, आणि ती सुट्टीला येणार होती. तू थांबायला तयार होतास. बाकी काहीच थांबवणं तुझ्या हातात नव्हतं.

म्हणून काल, वैशाली कॉलनीतलं तुझं घर आवरायला आली तेव्हा, मी अल्बाला वर्गात घेऊन गेलो. जिन्यावरच ओरडायला सुरुवात केली, “मॅडम! ऐकणारी आणलीय!” खाली सायकलवाल्यानं पाना खाली ठेवला. आपलं सगळं गाव जमलं. पाववाली, औषधवाला. कारंजात ताजं पाणी. तुझी पिशवी खुंटीला.

मी सगळी गोष्ट मराठीत सांगितली. बिबट्या न घालता. कसं जमलं मला विचारू नकोस. दोन ठिकाणी तो अगदी दाराशी आला होता. मग मॅडमनं अल्बाला फळी दाखवली, लाल म्हणजे काय, हिरवा म्हणजे काय ते सांगितलं, खुर्चीत बसवलं आणि स्पॅनिशमध्ये विचारलं. आजोबांचं तुला कळलं?

“सी.” हो.

“चुका होत्या?”

“खूप.”

“तरी कळलं?”

पोरीनं मॅडमकडे असं बघितलं, की ही बाई शिकवते तरी काय. “कळलं म्हणून तर आईला सांगितलं.”

ती उठली, फळीपाशी गेली, टाचा उंचावल्या आणि तुझा बिल्ला उलटा केला. तिनं तो डाव्या करंगळीनं उलटा केला असं मी लिहिणार होतो. तू ‘बिबट्या’ म्हणाला असतास. साध्या उजव्या हातानं केला. पत्रा खिळ्याला लागून टिक् असा वाजला, आणि तुझी रांग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी झाली. मॅडम खिडकीकडे तोंड करून बाजार आवरायला लागली, आणि बाजारात काहीच मांडलेलं नव्हतं. मला क्षणभर वाटलं, कारंजाशी कुणीतरी उभं आहे, हात पाठीमागे. आज दुपारी डोळा लागला तर मी तुझं पाकीट घेईन. नाव विचारलंस तर राजा म्हणणार नाही. उस्मान म्हणेन, हळदवाला, दुसरी गल्ली.

पण मिळालेली संधी मी सोडतोय होय? सगळ्यांचे डोळे ओले बघून मी खाकरलो.

“मॅडम, ह्या पोरीची अख्खी गोष्ट मी ऐकली. स्पॅनिशमधनं ऐकली. आत्ता तुमच्याम्होरं मराठीत सांगितली. मंग माझा बी लाल उलटाया काय हरकत हाय?”

“मला नका विचारू,” नाक पुसत मॅडम म्हणाली. “सांगणाऱ्याला विचारायचं.” आणि तिनं अल्बाला विचारलं, की तू सांगत होतीस तेव्हा उस्मानचाचांनी तुझं ऐकून घेतलं का?

अल्बानं माझ्या बिल्ल्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी एक डोळा मिचकावला. साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा सकाळीच तिच्या हातात ठेवला होता, त्याची आठवण असू दे म्हणून. ती पुन्हा बिल्ल्याकडे वळली, पंख्यानं वाकडा झाला होता तो बोटानं सरळ केला, आणि म्हणाली,

“तोदाविया नो.”